भिंतीवरचा आजो, आकाशातलं देवबाग

आमच्या घरी ओटीवरून माजघरात जाताना दारावर आजोबांचा फोटो होता. वरच्या बाजूने दोरीने टांगलेला, म्हणून थोडा पुढे कललेला. त्यामुळे दारातून जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाकडे ते वाकून बघतायत असं वाटायचं. काचेवर नेमका कपाळाच्या जागी चंदनाचा ठिपका, चौकटीच्या खालच्या पट्टीवर वाळवीने केलेली मातीची बारीक वाट. मी जन्मायच्या आधीच ते गेले होते. पण आमच्यापैकी कोणी आगळीक केली की आजी बोट दारावर रोखायची, “खोटा बोला नको हां, आजो बघता.” आणि आजो खरंच बघत असायचे. काळा कोट, हात खुर्चीच्या पाठीवर, मागे संगमरवरी खांब आणि हंसांचं तळं.

गिरणीत साचेखात्यात काम करणाऱ्या माणसाच्या मागे हंसांचं तळं कुठून आलं, हा प्रश्न आम्हाला कधी पडला नाही. पुढे आत्याने सांगितलं तेव्हा कळलं, की तळं पडद्यावर रंगवलेलं होतं आणि कोट लालबागच्या स्टुडिओचा होता. खुंटीवर एकच कोट, येईल त्याने घालायचा, मापाला मोठा झाला तर मागून चाप लावायचा. आजोबांनी आयुष्यात कोट घातला तो तेवढी पाच मिनिटं. पण त्याच्या जोरावर आमचं घर गावात ‘कोटवाल्यांचं’ झालं. काकाचं लग्न ठरवायला आलेली मंडळी दारातच थबकून फोटोकडे बघत राहिली होती, आणि बोलणी त्यानंतर सोपी गेली, असं आत्या हसत सांगते. फोटो खोटा नव्हता. आजोबा होते, कोट होता, दोघे एकाच वेळी कॅमेऱ्यासमोर होते. मागचा चाप तेवढा दिसत नव्हता.

चित्रावर आपण एवढा विश्वास ठेवत नाही. चित्रकाराच्या हाताने काहीतरी घातलं-वगळलं असणार हे आपण धरूनच चालतो. फोटोचं तसं नाही. चांदीच्या क्षारांवर उजेड पडतो, जिथे पडतो तिथे ते काळे होतात, आणि समोरच्या वस्तूचा ठसा उमटतो. मधे माणसाचा हात नाही, म्हणजे लबाडीला जागा नाही, अशी समजूत १८३९ साली ही कला जाहीर झाली तेव्हापासून आहे. खरं तर जुन्या स्टुडिओतसुद्धा निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून सुरकुत्या पुसत, गालाला रंग देत. आता काचेची निगेटिव्ह गेली, चांदी गेली, मोबाइल आला, नसलेल्या माणसाचा चेहरा यंत्राकडून बनवून घेता येऊ लागला, तरी जुना विश्वास काही पुरता गेलेला नाही. ‘फोटो आहे माझ्याकडे’ हे वाक्य आजही भांडण मिटवतं, नाहीतर पेटवतं.

या विश्वासाचा उपयोग इंग्रज राज्यकर्त्यांना लवकरच कळला. १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ नावाचे आठ खंड निघाले, त्यांत ४६८ छायाचित्रं. इथली माणसं जातीजमातींचे नमुने म्हणून उभी केलेली, खाली स्वभावाचा शेरा: हे कष्टाळू, ते बेभरवशाचे. फोटोत मात्र कष्टाळूपणाही दिसत नव्हता आणि बेभरवसाही. शेरा वाचला की मग डोळ्यांत तो दिसायला लागे. त्याच सुमारास कॅमेऱ्याच्या मागेही इथली माणसं उभी राहू लागली होती. मुंबईत १८५४ साली स्थापन झालेल्या फोटोग्राफिक सोसायटीत डॉ. नारायण दाजी होते, डॉ. भाऊ दाजी लाडांचे धाकटे बंधू. हे घराणं गोव्यातल्या पेडण्याकडच्या मांद्र्याचं. तेरेखोलची खाडी ओलांडली की आमचाच सिंधुदुर्ग जिल्हा.

नुसत्या डोळ्याला दिसत नाही ते फोटोला दिसतं, असंही होतं. ते बघायला किनाऱ्यापासून जरा वर सड्यावर जाऊ. मालवण तालुक्यात कुडोपी नावाचं गाव आहे. तिथल्या जांभ्याच्या कातळावर माणसांच्या, प्राण्यांच्या आणि काहीच अर्थ न लागणाऱ्या आकृत्या खोदलेल्या आहेत. गावाला त्या माहीत नव्हत्या असं नाही. त्या जागेला बाहुल्यांचं टेंब म्हणतात, म्हणजे नावातच ओळख होती. पण दुपारी बारा वाजता त्या कातळावर उभं राहिलात तर पायाखाली काय आहे याचा पत्ता लागत नाही. रेषा उथळ, कातळ काळा, सूर्य डोक्यावर. सावली नाही तर रेषाही नाही. सकाळी किंवा उन्हं कलल्यावर गेलात, की तिरप्या उजेडाने खोदाईची एक कड काळी होते आणि अचानक एक पाय दिसतो, मग हात, मग शेजारचा मासा. तरीही पूर्ण आकृती एका नजरेत मावत नाही. राजापूर तालुक्यात कशेळीला असाच कोरलेला एक हत्ती सुमारे १८ मीटर लांबीचा आहे. त्याच्या शेपटीजवळ उभ्या असलेल्या माणसाला सोंड कुठली दिसणार?

रत्नागिरीतले सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं सडे तुडवत ही कातळशिल्पं नोंदवत होते. गुराख्यांना विचारायचं, गवत कापायचं, माती झाडायची. पण जगाने त्यांच्याकडे बघितलं ते वरून काढलेल्या फोटोंमुळे. ड्रोन चढलं, कॅमेरा सरळ खाली वळला, आणि जे पायाखाली तुकड्या-तुकड्याने होतं ते एक हत्ती म्हणून समोर आलं. २०१८ साली देशोदेशीच्या वाचकांपर्यंत ही छायाचित्रं पोचली, राज्य सरकारने संशोधनासाठी पैसे जाहीर केले, आणि २०२२ साली कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत गेली. कुडोपी त्या यादीत आहे. हजारो वर्षांपूर्वी ज्यांनी हे खोदलं त्यांनी वरून कधी बघितलं नाही. ते कोणाला दिसावं म्हणून खोदलं असेल, हा विचार मला त्या सड्यावर दर वेळी छळतो. असो. मुद्दा असा, की शिल्पं होती, गावाने दिलेलं नाव होतं, झिजलेल्या चपला होत्या. फोटो शेवटी आला आणि सगळ्यांच्या आधी पोचला.

२६ ऑगस्ट २०२४. गोकुळाष्टमीचा सोमवार. मालवणच्या किनाऱ्यावर राजकोट किल्ला आहे. समोर समुद्रात सिंधुदुर्ग, महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर बांधायला घेतलेला. नौदल दिनाच्या निमित्ताने ४ डिसेंबर २०२३ रोजी पंतप्रधानांनी राजकोटावर छत्रपती शिवाजी महाराजांच्या ३५ फुटी पुतळ्याचं अनावरण केलं होतं. तो पुतळा त्या सोमवारी दुपारी कोसळला. आमच्याकडे बातमी कोणी सांगितली नाही, फोटो आला. पाठवणाऱ्याने खाली एक अक्षर लिहिलं नव्हतं. रिकामा चौथरा, खाली तुकडे, मागे पावसाळी समुद्र. संध्याकाळपर्यंत तो महाराष्ट्रभर झाला होता. रात्रीपर्यंत त्याच्या शेजारी डिसेंबरातला फोटो चिकटवलेला होता, तीच जागा, तोच समुद्र, पण पुतळा उभा. मोर्चे निघाले, गुन्हे दाखल झाले, आणि चार दिवसांनी, ३० ऑगस्टला, पालघरच्या सभेत पंतप्रधानांनी जाहीर माफी मागितली.

आता थोडं मागे जाऊ. पुतळा पडायच्या सहा दिवस आधी, २० ऑगस्टला, सार्वजनिक बांधकाम विभागाच्या मालवणच्या कार्यालयातून नौदलाच्या अधिकाऱ्यांना एक पत्र गेलं होतं. पाऊस आणि खाऱ्या वाऱ्याने पुतळ्याचे नटबोल्ट गंजले आहेत, तो विद्रूप दिसतो आहे, कायमची उपाययोजना करावी, असा त्याचा आशय. नंतर हे पत्र वर्तमानपत्रांत गाजलं. पण गाजलं ते फोटोनंतर. एका पत्राला सहा दिवसांत जे जमलं नाही ते फोटोने सहा तासांत केलं, असं सरळ म्हणता येईल. मला मात्र त्यापुढचा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. समजा, त्या २० तारखेला कोणी त्या गंजलेल्या नटबोल्टचा झक्क फोटो काढून गावभर पाठवला असता. किती जणांनी तो उघडून बघितला असता? किती जणांनी पुढे ढकलला असता? खाऱ्या वाऱ्याला राहणाऱ्या आम्हा लोकांना गंज म्हणजे काय नवल. घराच्या गजांना गंज, सायकलला गंज, छत्रीच्या काडीला गंज.

फोटोला घडून गेलेलं दिसतं. हळूहळू घडत असलेलं त्याला फारसं दिसत नाही. पडणं एका क्षणात होतं आणि एका चौकटीत मावतं; गंजणं महिनोन्‌महिने चालतं आणि त्याच्या कुठल्याही एका दिवसाचा फोटो काढला तरी तो कालच्यासारखाच दिसतो. शिवाय राजकोटावरच्या फोटोला मराठी मनात आधीच जागा तयार होती. महाराजांची तसबीर नाही असं घर दाखवा. त्या तसबिरीवर हा फोटो जाऊन आदळला. पुतळा का पडला, वारा किती होता, आतला सांगाडा कसा होता, हे त्या फोटोत कुठेच नव्हतं. त्यासाठी अभियंते लागतात, कागद लागतात, वेळ लागतो. पण लोकांनी आपापलं उत्तर फोटोतच वाचलं, ज्याला जे आधीपासून म्हणायचं होतं ते. पुढे मे २०२५ मध्ये तिथे आधीपेक्षा उंच नवा पुतळा उभा राहिला, आणि लोक पुन्हा पाठमोरे होऊन त्याच्यासोबत सेल्फी काढू लागले.

उलट बाजू बघायची तर समुद्रावर चला. आमच्या पारंपरिक मच्छीमारांची वर्षानुवर्षांची तक्रार आहे, ती पर्ससीन जाळ्यांची आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीची. रात्री बोटीवरून पाण्यावर प्रखर दिवे सोडायचे, मासळी उजेडाकडे गोळा होते, मग जाळं टाकून सगळी उचलायची. रापणीचं जाळं किनाऱ्यावरून ओढणाऱ्याच्या वाट्याला उरतं ते पाणी. पर्ससीनवर राज्य सरकारने २०१६ साली कडक मर्यादा घातल्या, एलईडीच्या मासेमारीवर केंद्राने २०१७ साली बंदी घातली. तरी दिवे दिसतात. बंदरावर एका तरुणाने मला मोबाइल दाखवला. सगळी स्क्रीन काळी, मधे दुधी उजेडाचा गोळा. मी म्हटलं, पुरावा तर आहे की. तो म्हणाला, “लाइट दिसता, पण बोटीचो नंबर खंय दिसता?”

त्याच्या एका वाक्यात पुराव्याचा सगळा कायदा आला. कोणती बोट, कुठल्या अक्षांश-रेखांशावर, किनाऱ्यापासून किती अंतरावर, किती वाजता, फोटो कोणी काढला, मूळ फाइल कुठे आहे. यातलं काही सांगता आलं नाही तर उजेडाचा गोळा हा उजेडाचा गोळाच राहतो. याच्या शेजारी २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरच्या दहशतवादी हल्ल्यातला तो फोटो ठेवून बघा. ‘मुंबई मिरर’चे सेबॅस्टियन डिसूझा हे छत्रपती शिवाजी टर्मिनसमध्ये गोळीबार चालू असताना आत शिरले आणि हातात रायफल घेतलेल्या कसाबला त्यांनी कॅमेऱ्यात पकडलं. चेहरा स्पष्ट, शस्त्र स्पष्ट, जागा ओळखीची. पण न्यायालयात तेवढ्याने भागलं नाही. डिसूझांना साक्षीला उभं राहून हा फोटो मी काढला, असा काढला, हे सांगावं लागलं. फोटोच्या मागे शपथ घेणारा माणूस लागतो. इकडे समुद्रावर, ९ जानेवारी २०२५ पासून राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाने किनाऱ्यावर नऊ ठिकाणांहून ड्रोनची गस्त सुरू केली, आमच्या जिल्ह्यात देवगडहून. आता आकाशातून बोटीचा नंबर वाचता येईल अशी आशा आहे. बंदरावरच्या त्या तरुणाला या बातमीवर काय वाटतं ते विचारलं तर तो नुसता समुद्राकडे बघतो.

सरकारचाही आता फोटोवर भलताच भरवसा. घरकुलाचा पाया झाला, फोटो. भिंती झाल्या, फोटो. छप्पर चढलं, फोटो. आणि प्रत्येक फोटोवर ठिकाणाचे आकडे छापलेले, तरच पुढचा हप्ता. शौचालय बांधलं तर त्याच्यापुढे उभं राहून फोटो. आमचा जिल्हा २०१६ साली ग्रामीण स्वच्छतेच्या पाहणीत सपाट प्रदेशातला देशातला पहिला आला, याचा मला अभिमानच आहे. पण माझ्या शेजारच्या काकूंनी शौचालयाच्या दाराशी फोटोला उभं राहताना ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं, हेही मी बघितलंय. स्टुडिओचा कोट आठवला मला.

फोटोने उठवलेली लाट किती टिकते याचा एक हिशेब उपलब्ध आहे. २ सप्टेंबर २०१५ रोजी तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर आयलान कुर्दी या छोट्या सीरियन मुलाचा देह वाळूवर पालथा पडलेला सापडला. लाल सदरा, निळी चड्डी, पायात बूट. सीरियातल्या युद्धात तोवर लाखो माणसं मेली होती आणि आकडे रोज छापून येत होते. आकड्यांनी जे झालं नाही ते या एका फोटोने झालं. स्वीडनच्या रेड क्रॉसने सीरियन निर्वासितांसाठी उघडलेल्या निधीत रोज येणाऱ्या देणग्यांची संख्या त्या आठवड्यात शंभरपटीहून वर गेली. मानसशास्त्रज्ञ पॉल स्लॉविक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे आकडे तपासले, तेव्हा दुसरी गोष्टही दिसली: साधारण सहा आठवड्यांत देणग्यांची रक्कम खाली आली. युद्ध चालूच होतं, होड्या बुडतच होत्या. मात्र ज्यांनी दरमहा ठरावीक रक्कम द्यायचं कबूल केलं होतं, त्यातले बहुतेक जण देत राहिले. म्हणजे हेलावलेल्या माणसाने त्या भरतीतच होडी नांगराला बांधली तर ती टिकते. नाहीतर ओहोटीबरोबर गेली.

फोटो माणसांवर परिणाम करतो तसा जागेवरही करतो, आणि हे तारकर्लीत राहून फार जवळून बघायला मिळतं. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला तेव्हा इथे येणारा माणूस किल्ला बघायचा, सोलकढी प्यायचा, जायचा. मालवणच्या पाण्याखाली प्रवाळ आहेत, १९८७ पासून तिथे सागरी अभयारण्य आहे, हे फार थोड्यांना ठाऊक होतं. मग पाण्याखालचे फोटो आले. निळं पाणी, रंगीत मासे, मधे मुखवटा लावलेला आपलाच पुण्याचा भाचा, दोन बोटांनी ‘ओके’ची खूण करत. आता स्कूबाच्या प्रत्येक पाटीवर ‘फोटो-व्हिडिओ फ्री’ असतं, आणि पाण्याखालच्या त्या मोजक्या मिनिटांतला बराचसा वेळ फोटोतच जातो. प्रशिक्षक मान धरून तोंड कॅमेऱ्याकडे वळवतो. मासे फ्रेममध्ये यावेत म्हणून काही जण पावाचे तुकडे सोडतात. मासेही शिकले आहेत. माणूस उतरला की ते आपणहून गोळा होतात. पाण्याचा रंग फोटोसारखा नसेल तर गिऱ्हाईक नाराज होतं, आणि पावसाळ्याच्या मागेपुढे तो नसतोच. यावर उपाय म्हणून मालवण लिहून मालदीवचं पाणी खपवलं जातं. ओळखायची खूण सांगतो: होडी बघा. आमच्या पारंपरिक होडीला एका बाजूला उलांडी असते, तोल सावरणारं लाकूड. त्या निळ्याशार फोटोत ती कधी नसते.

सगळ्यात जास्त फिरलेला फोटो देवबागचा. एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, मधे माडांची हिरवी चिंचोळी पट्टी, टोकाला नदी समुद्राला मिळते तिथे वाळूचे सोनेरी पंख. ड्रोनशिवाय हे दृश्य शक्यच नव्हतं. या फोटोने देवबागला खोल्या दिल्या, बोटी दिल्या, मुंबईहून परत आलेली मुलं दिली. जमिनीला भाव दिला. माझ्या परिचयातल्या एका घरात आज तीन पिढ्या या फोटोवर जेवतात, असं म्हटलं तर वावगं होणार नाही.

त्याच घरी मी गेल्या मे महिन्यात गेलो होतो. नातवाने पाहुण्यांसाठी तो फोटो मोठा करून, चौकट लावून ओटीवर टांगला आहे, पूर्वी जिथे देवादिकांच्या तसबिरी असायच्या तिथे. पाहुणे चहा पितापिता त्याचं कौतुक करत होते. त्याचे आजोबा नव्वदीला टेकलेले, रापणीवर हयात गेलेली. ते उठले, काठी टेकत फोटोजवळ गेले, आणि समुद्राच्या बाजूला, वाळूच्याही पलीकडे, जिथे फोटोत नुसतं निळं पाणी होतं, तिथे त्यांनी काचेवर बोट ठेवलं.

“हयसर आमची माडांची रांग होती,” ते म्हणाले. मग बोट थोडं आत सरकवलं. “मगे ही दुसरी. ती गेली तेव्हा ह्याचो बापूस शाळेत होतो.” आणखी थोडं आत, दगडांच्या बंधाऱ्याच्या काळ्या रेघेपाशी. “आता हयसर इला.”

पाहुण्यांपैकी एकाने मोबाइल काढला आणि म्हणाला, आजोबा, तसंच बोट ठेवा, एक फोटो घेतो.